विरुद्ध बाजूचं पहिलं पान

पर्ली रिज, मेन
२२ जानेवारी

ती. मर्टलआत्यास,

एमरीचा शि. सा. न. वि. वि. पर्ल, डॉली आणि टॅन्सी या तुझ्या तिन्ही गाईंचाही नमस्कार. टॅन्सीने तिचा नमस्कार शेणाने भरलेल्या शेपटीने माझ्या गालावर ठेवला.

तुझं कंबरेचं हाड जुळतंय, असं तू जिच्याकडे राहतेस त्या डोरिसताईच्या चिठ्ठीवरून कळलं. फोनवर तुला धड खरंही बोलता येत नाही आणि धड खोटंही, असं तू म्हणतेस, म्हणून पत्र. इथे धारा पहाटे पाचला नि संध्याकाळी पाचला होतात. पंप दोनदा गोठला, मी त्याला शिव्या दिल्या, तो सुटला.

मी कॉलेज तुझ्या गाईंसाठी सोडलं, असं गावात सांगत फिरतोय. ते अर्धंच खरं आहे. तू गोठ्यात घसरलीस त्याच्या आदल्याच दिवशी मी वर्गातून चालता झालो होतो.

आमचा अन्न-कायद्याचा वर्ग लिंडक्विस्टबाई घेतात. बारा जण होतो. पहिले दोन महिने कायद्याचं पुस्तक उघडायचंच नाही. कुणी शाळेच्या जेवणघरात वाढायला उभं राहायचं, कुणी सरकारी तपासनिसाच्या गाडीत बसून हिंडायचं. मग ज्या माणसाची अडचण कळली, तिच्यावर कायद्याचा मसुदा लिहायचा. मी तुझं नाव दिलं. तुला ते सरकारी पत्र आलंच होतं: वेगळी दूधखोली बांधा, सिमेंटची जमीन करा, परवाना घ्या, नाहीतर पोर्चवरून दूध-लोणी विकणं बंद. दूधखोली बांधायची तर गाई विकाव्या लागणार. मग त्या खोलीत ठेवायचं काय, मांजर? म्हणून आमच्या वर्गाने गावासाठी ठराव लिहिला, की घरी केलेलं अन्न घरच्या दारात खाणाऱ्यालाच विकायला गावाची मुभा आहे. मार्चच्या गावसभेत तो येणार. नाही झाला तर तिन्ही गाई बाजारात उभ्या राहतील, हे तुलाही ठाऊक आहे.

पण बाईंचा एक नियम आहे. कुठल्याही मसुद्याचं पहिलं पान विरुद्ध बाजूचं. आपल्याविरुद्ध जे सगळ्यात जड म्हणणं असेल, ते विरोधकाने लिहिलं असतं तितक्याच जोराने आधी लिहायचं. मी म्हटलं, सख्ख्या आत्याविरुद्ध मी लिहिणार नाही. बाई म्हणाल्या, मग दुसरं कोणीतरी लिहील. आणि हात कोणी वर केला? कॉरिन थिबोडोने. जिच्या वडिलांच्या शेतात मी पाठ मोडेस्तोवर बटाटे उचलले, त्या कॉरिनने! कच्च्या दुधाने लहान मुलांचं काय होऊ शकतं, हगवणीपासून मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत, ते तिने ओळीने लिहिलं. मी ते पान सगळ्यांदेखत फाडलं आणि निघालो. तिने दुसरी प्रत टपालाने पाठवली, वर एक शब्द नाही. कॉरिनचं अक्षर मात्र अजून तसंच, डावीकडे झुकलेलं. पान सोबत जोडलंय. माणसं कशी उलटतात ते बघ. कॉरिनचं नाव मी पुन्हा काढणार नाही.

तू मला जन्मात एकदाच मारलंस, मी बादलीतून दूध प्यायलो म्हणून. तेवढ्या स्वच्छतेच्या बाईला हे लोक दूधखोली शिकवणार!

लोभ उतू जावो, ही विनंती.

तुझा,
एमरी


पोर्टलंड
३१ जानेवारी

चि. एमरीस,

अ. उ. आ. डॉलीला जास्त, तिला अंगावर हात फिरवलेला आवडतो.

जिचं नाव तू पुन्हा काढणार नाहीस, तिचं नाव पत्रात चार वेळा आहे. मी बोटाने मोजलं. अक्षर कुठे झुकतं तेही कळलं. इकडे मला दिवसभर खिडकीत बसवतात, त्यामुळे असली कामं करायला वेळ आहे. डोरिस मला दुकानातलं दूध पाजते. पांढरं आहे, एवढं त्याच्याबद्दल चांगलं बोलता येईल.

ते पान मी दोनदा वाचलं. ते मी ठेवून घेणार आहे, परत मागू नकोस.

टॅन्सीच्या मागच्या डाव्या सडाची धार हलक्या हाताने काढ. प्रत्येक कास दोनदा धुवायची, कोमट पाण्याने, थंडीत हात बधिरले तरी दोनदा. आणि मला दोन गोष्टी कळव. वांडा पेल्की कधी दारावर येते का? आणि आपल्या रस्त्यावरचा बर्फ अजून तिचा मुलगा ड्वेनच काढतो का, त्याची तब्येत कशी दिसते?

स्वेटर घाल. माया आहेच, विचारायला नको.

तुझी,
मर्टलआत्या


पर्ली रिज
८ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

वांडाकाकू दारावर येत नाहीत. गेली कित्येक वर्षं त्या दूध दुकानातूनच आणतात, म्हणजे तू जे पितेस तेच. बर्फ ड्वेनच काढतो. मी कॉफीला बोलावलं, तर म्हणाला, मूत्रपिंडाच्या गोळ्यांवर कॉफी चालत नाही. तीस वर्षांचा माणूस, पण काम झालं की जिन्यावर बसून दम घेतो. तू का विचारतेस?

दुसरी बातमी. गावसभेत ठराव समजावून सांगायला बाई एका विद्यार्थिनीला पाठवताहेत. कोणाला ते तू ओळखलंच असशील, नाव काढत नाही. माझ्याशी तिचं काही काम नाही नि माझं तिच्याशी. निळा सदरा कुठे ठेवलायस तेवढं कळव. इस्त्री आहे का?

हायरम बेट्स टपाल कचेरीत सगळ्यांसमोर म्हणाला की मर्टलचा पुतण्या वकील व्हायला गेला आणि गवळी होऊन आला. मी त्याला काय म्हणालो ते लिहीत नाही. टपालवाल्या बाईंनी मला बाहेर काढलं, एवढं सांगतो.

आणि ते पान तुला कशाला हवंय?

लोभ नासू नये.

तुझा,
एमरी


पोर्टलंड
१७ फेब्रुवारी

चि. एमरीस,

अ. उ. आ.

सदरा माझ्या खोलीत, खालच्या खणात. इस्त्री नाही. तुला हात आहेत.

आता नीट बसून वाच. कोणावर तरी ओरडण्याआधी शेवटापर्यंत वाच.

चोवीस वर्षांपूर्वी, ऑगस्टात, जत्रेच्या आठवड्यात, एका वासराला हगवण लागली होती. गवत कापणी चालू होती, मी एकटी होते, घाईत होते. त्या सकाळी मी कास धुतली नाही. वांडाचा ड्वेन सहा वर्षांचा होता, गोठ्यात खेळायला यायचा. त्याने बादलीला तोंड लावलं आणि मी हसले. चार दिवसांनी तो इस्पितळात होता, अकरा दिवस, मूत्रपिंडं बंद पडलेली. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं. वांडा म्हणाली, जत्रेतलं मांस. त्या मांसवाल्याला लोकांनी इतकं बोलून घेतलं की तो पुन्हा आपल्या जत्रेत आला नाही.

माझंच दूध होतं अशी मला खात्री नाही. पण खात्री करून घ्यायचीही मला हिंमत झाली नाही. दूध तपासायला पाठवता आलं असतं. मी सूप घेऊन गेले आणि तोंड मिटून बसले. तेव्हापासून दोनदा धुते. तुला मारलं ते त्यामुळे.

त्या मुलीने पानावर जे लिहिलं आहे, त्यात ड्वेनचं नाव नाही एवढंच. बाकी सगळा तोच आहे. तिला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं, तरी तिने ते शोधून काढलं, आणि तू ते फाडलंस. यात चूक कोणाची, ते तूच ठरव. कायदा शिकलास ना अर्धा.

सोबत बंद पाकीट आहे, वांडासाठी. तिला भर सभेत कळता कामा नये. आधी तिच्या हातात दे. मग सभेत माझ्या नावाने सगळं सांगायचं. मुलाचं नाव नाही, फक्त माझं. ठराव पडला तर पडू दे. गाई मी स्वतः बाजारात नेईन, काठी टेकत. पण हे पोटात ठेवून मला तो पास व्हायला नको आहे. आणि कोणी काहीही बोललं तरी हात खिशात. वचन दे.

तुझी,
मर्टलआत्या


पर्ली रिज
२७ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

खरं सांगतो, पाकीट मी आधी चुलीपाशी नेलं. म्हटलं, आत्या खिडकीत बसून बसून हळवी झाली आहे, आणि हे बाहेर आलं की सगळं संपलं. चुलीचं दार उघडलंसुद्धा. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, तो सूपाचा भाग. मग दार लावलं.

वांडाकाकूंनी पाकीट उंबऱ्यातच घेतलं. आत ये म्हणाल्या नाहीत. तुझं अक्षर ओळखून त्यांनी पाकीट एप्रनच्या खिशात ठेवलं नि ड्वेनसाठी पाय धुवायचं पाणी तापवायला गेल्या. चार दिवस झाले. ड्वेन काल बर्फ काढून गेला, नेहमीसारखाच, फक्त हात हलवला नाही.

कॉरिनला पत्र लिहिलं. सहा वेळा. टाकलेलं एकही नाही.

वचन दिलं. हात खिशात.

तुझा,
एमरी


पर्ली रिज
१८ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

काल सभा झाली. क्रमाने सांगतो, नाहीतर मी भलतीकडूनच सुरुवात करीन.

शाळेच्या व्यायामगृहात सव्वाशे माणसं होती. रस्त्यांची खडी, आगीचा बंब आणि कुत्र्यांचे परवाने यांतच दुपार झाली. मग बीन्स आणि वाफवलेला काळा पाव, मग आपला ठराव. कॉरिन उठली. हातात कागद, केस बांधलेले. तेवढ्यात हायरमने हरकत घेतली: ही मुलगी या गावची मतदार नाही, आणि बाहेरच्याला बोलायचं तर हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते. आत्या, हा नियम इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आमच्या वर्गाने साऱ्या राज्याचे दुधाचे कायदे वाचले, आणि हा एक कोणाला आठवला नाही. मला आठवला असता. पण मी तेव्हा पान फाडण्यात गुंतलो होतो.

मतदानाची पिवळी कार्डं वर झाली. सहा कमी पडली. कॉरिन खाली बसली. हायरम म्हणाला, अर्धा वकील आहे की आपल्या गावात, त्याला करू दे वकिली, अर्धीच. सगळे हसले. माझे कान तापले. मी दोन्ही हात खिशात घातले. तेव्हा कॉरिनने दोन रांगा ओलांडून, माझ्याकडे न बघता, कागद पुढे केले. ते घ्यायला एक हात काढावा लागला, तेवढं माफ कर.

वर पहिलंच पान तिचं होतं. मी ते वाचलं, सगळं, तिने लिहिलं तितक्याच जोराने. लोक एकमेकांकडे बघायला लागले, हा नक्की कोणाच्या बाजूने आहे म्हणून. मग तुझं सांगितलं, तुझ्याच शब्दांत. वासरू, घाई, न धुतलेली कास, बादली, सूप. मूल एवढंच म्हणालो, नाव तुझं घेतलं. हायरमने टोपी काढून मांडीवर ठेवली.

आणि वांडाकाकू उठल्या. त्या म्हणाल्या की ते मूल माझं होतं, लपवायचं कारण नाही. चोवीस वर्षं मी एका परक्या माणसाला शिव्या घातल्या. मग म्हणाल्या, "मी मर्टलला विचारायला हवं होतं, आणि मर्टलने मला सांगायला हवं होतं. सरकारी शिक्का ना विचारतो, ना सांगतो." आणि त्यांनी दुरुस्ती मांडली. विकणाऱ्याने दूध दर महिन्याला तपासून घ्यावं. काही वावगं निघालं किंवा कोणी आजारी पडल्याचं कळलं, तर त्याच दिवशी घरोघर जाऊन सांगावं. आणि दारावर पाटी लावावी, स्वतःच्या हाताने लिहिलेली, छापील नाही. मी तिथल्या तिथे ते ठरावाच्या भाषेत बसवलं. कॉरिन मागून एकेक शब्द कुजबुजत होती. कुजबुजायला संमती लागते की नाही, ते कोणी विचारलं नाही.

दुरुस्तीसकट ठराव पास झाला. एकाहत्तर विरुद्ध बावन्न. मी वांडाकाकूंकडे बघत होतो. त्यांचं कार्ड मांडीवरच राहिलं. ना बाजूने, ना विरुद्ध.

जिंकलो म्हणून नाचू नकोस, कंबर आहे. कॉरिन म्हणते, राज्य सरकार गावाचा ठराव सहजी मानणार नाही, चार-पाच वर्षं भांडावं लागेल, आणि लिहायला माणसं लागतील. मी गेल्या आठवड्यातच लिंडक्विस्टबाईंना पत्र टाकलं होतं, की ऑगस्टात मला परत घ्या. उलट टपाली उत्तर आलं, एका ओळीचं: एमरी लेव्हिटला परत का घेऊ नये, याचं पहिलं पान आधी पाठव. बसून लिहिलं. मग त्याच बैठकीत दुसरं एक पान लिहिलं, एमरी लेव्हिटशी कोणत्याही शहाण्या मुलीने लग्न का करू नये, आणि ते काल कॉरिनच्या गाडीत ठेवलं. ती गेली. उत्तर नाही. जेवण जात नाही. गाई मजेत आहेत.

लोभ गोठू नये.

तुझा,
एमरी


पोर्टलंड
२६ मार्च

चि. एमरीस,

अ. उ. आ., या वेळी सगळे तुलाच, गाईंनी वाट बघावी.

वांडाने कार्ड उचललं नाही हे बरं केलं. तिच्या जागी मीही उचललं नसतं. काल तिचं पत्र आलं. आत एकच ओळ आहे, ती मी तुला सांगणार नाही. ते आमचं आहे.

शनिवारी एक मुलगी आली होती. सोबत कुट्टूच्या पिठाची धिरडी, तिच्या आईकडची. डोरिसच्या तव्यावर तिने ती पुन्हा गरम केली, आणि लोण्याबद्दल आम्हा दोघींचं एकमत झालं की दुकानातलं लोणी म्हणजे मेणबत्ती आहे. मग तिने पर्समधून तुझं पान काढून मला वाचून दाखवलं. तापट आहे, अर्ध्यावर सोडतो, माफी मागायला सहा कागद खराब करतो, वगैरे. पाच मुद्दे होते. ती म्हणाली, पान प्रामाणिक आहे पण अपुरं आहे. म्हणून सहावा मी घातला: हा मुलगा संधी मिळाली की अजूनही बादलीतून दूध पितो. तिने तो लिहून घेतला, डावीकडे झुकलेल्या अक्षरात. हसत होती. ऑगस्टात तुझ्या समोरासमोर ती या सहाही मुद्द्यांवर तुझी उलटतपासणी घेणार आहे. तयारी करून जा, आणि सदऱ्याला इस्त्री कर.

मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घरी येते. डॉक्टर नको म्हणतात, त्यांना तीन गाई नाहीत. ऑगस्टपर्यंत धारा तुझ्या, पुढे माझ्या. सरकारशी भांडण तुमचं, पाच वर्षं लागोत की दहा. अर्ध्यावर सोडलंस तर सातवा मुद्दा मी लिहीन.

सोबत पाटी पाठवते. पोर्चच्या दारावर ठोक, डोळ्यांच्या उंचीवर, आणि शेजारी लहान मुलांना दिसेल अशी आणखी एक, खाली. मी येण्याची वाट बघू नकोस. आजच ठोक.

माया कमी पडली तर येऊन मागून घे.

तुझी,
मर्टलआत्या


(सोबतचा पुठ्ठा)

हे दूध उकळलेलं नाही.
या घरच्या दुधाने एकदा एक मूल आजारी पडलं असावं. मी तेव्हा विचारलं नाही आणि सांगितलं नाही.
आता मी दोनदा धुते, दर महिन्याला तपासते, आणि विचाराल ते सांगते.
गोठा उघडा आहे. आधी बघा, मग विचारा, मग न्या.
मर्टल लेव्हिट