आमदारांच्या ताटातली पोळी

१४ मार्च १९६६, सोमवार
परत कपात! माणशी आठवड्याला दोन किलोचं दीड. मुंबईत बसून ठरवणारे हे, आणि शिव्या मला — रेशन दुकानातला तराजू माझ्या हातात ना! शेजारची साळूबाई पिशवीत बघून म्हणाली, "बिराप्पा, आठवडा अजून सात दिसांचाच हाय न्हवं?" नवरा नाही, तीन पोरी. तोंड वर करवलं नाही मला.

१६ मार्च
रविवारी आमदार गावात जेवणार! सरपंच आण्णांना म्हटलं, मिलोचीच भाकरी वाढू. दुकानात येते तीच ती अमेरिकेची लाल ज्वारी. खाऊन तर बघू दे! आण्णा खूश. "व्हय गड्या, घास नरड्यात अडकल्याबिगर कळायचं न्हाई."

१९ मार्च
आण्णा फिरले! "पाव्हण्याच्या ताटात लाल भाकरी? गावाची अब्रू जाईल रं." घरटी मूठमूठ गहू, डाळ, गूळ गोळा केला. साळूबाईनं तर गाडग्यात जपलेले सगळे गहू ओतले. मी अडवलं तर माझ्यावरच डाफरली — "दारात आल्यालं मानूस हाय!"
लय तणतणलो. हट्टानं बायकोला, हरणाला, सांगितलं — सकाळी दोन लाल भाकरी थापायच्याच. मी वाढणार.

२० मार्च
पुरणपोळी, वर तुपाची धार. साहेब पंगतीत मधोमध. फडक्यात भाकरी घेऊन मी त्यांच्यापुढं वाकलो — आणि दारात साळूबाई दिसली. पोरगी बघायला आलेल्या पाहुण्यांकडं आई बघते, तशी साहेबांच्या ताटाकडं बघत होती. जेवतात का, आवडतंय का!
हात उचलला नाही. फडकं तसंच काखेत मारलं, आणि वर मीच म्हणालो, "साहेब, अजून एक पोळी घ्याच!" थू माझ्या जिनगानीवर!
निघताना साळूबाईनं हात जोडले. "कपातीचं तेवढं बघा, सायेब." "बघतो, बघतो."

२१ मार्च
त्या दोन भाकऱ्या आम्हीच खाल्ल्या.

२७ मार्च, रविवार
पेपर आला. साहेब विधानसभेत म्हणाले — आमच्या भागात टंचाई नाही, परवाच खेड्यात पुरणपोळी जेवून आलो, नको म्हटलं तरी आग्रहानं वाढतात.
नवा हुकूम, माणशी एक किलो. उद्या वाटप. रांगेत पहिली साळूबाईच असते.