भाकरीच्या मशीनचा ॲडव्हान्स

५ जाने., सोम.
करार पुन्हा वाचला. बाँडवर स्वच्छ लिहिलंय, पंचेचाळीस दिवसांत भाकरीचं मशीन, नाहीतर ॲडव्हान्स परत. चार महिने झाले. चाळीस हजार माझे, मेसच्या एकेका डब्यातून साठवलेले. डॉक्टर म्हणतात, मनगटाला आराम द्या, थापणं बंद. मग रोजच्या ऐंशी भाकऱ्या कोण, डॉक्टर थापणार?
मशीनवाला साळुंके फोन उचलत नाही. (यापुढं नुसता सा. पूर्ण नावाचा मान नाही त्याला.)

७ जाने.
वकील म्हणाले, केस होईल, वेळ लागेल. हे म्हणाले, "जाऊ दे गं, अक्कलखाती टाक." नाही टाकणार. मनगट यांचं नाही दुखत.

८ जाने.
डबे गेल्यावर क्रांती चौकात रिक्षा बदलून चिकलठाणा, सा.चं वर्कशॉप. "ताई, पुढच्या आठवड्यात नक्की."
म्हटलं, "बरं, तोवर बसते." दारातच खुर्ची टाकली, मेथी निवडत बसले. दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, कशासाठी बसलात? खरं ते सांगितलं. सा.चं तोंड बघण्यासारखं!

९ जाने.
दुपारी डबा उघडला तर समोर सहा कामगार. एकटीनं कसं खायचं? अर्धी अर्धी वाटली. भांडायला गेले आणि वाढत सुटले. माझं हे असंच.

१२ जाने.
सहा भाकऱ्या जादा नेल्या. सा.ला नाही. रफिक मिस्त्री हळूच म्हणाला, "मौसी, मोटरच नै आई. सेठ के वालिद दवाखाने में थे, पैसे वहीं गए." म्हणजे चैन केली नाही त्यानं. राग उतरला, आणि उतरला म्हणून स्वतःचाच आला. पण पैसे माझे ते माझेच.

१३ जाने., भोगी
तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या, मिसळीची भाजी. सणाला कुणाला वगळवत नाही. सातवी भाकरी सा.ला. दोन घास खाऊन थांबला.
"मशीन नाय होत माझ्याच्यानं, ताई. लई लाज वाटती. निम्मे आत्ता देतो, निम्म्याचा चेक."
वीस हजार रोख. चेक शुक्रवारचा. करार मात्र माझ्याकडेच, चेक वटला की देईन म्हटलं.
"व्हय, तसंच करा," म्हणाला. भाकरी संपवली.

१६ जाने.
चेक भरला. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, सोमवारी बघा. घरी आले तर यांनी कोल्हापूरच्या मशीनचा भाव विचारून ठेवलेला. अक्कलखातीवाले! फार बरं वाटलं.

१९ जाने., सोम.
मेसेज नाही अजून. सा.नं फोन पहिल्या रिंगलाच उचलला, "खात्यात पैसे हायेत ताई, वटंल." वटेल असं मलाही वाटतंय.
मनगट सकाळपासून ठणकतंय. तरी सात भाकऱ्या जादा थापल्या. मेसेज आला तर करार परत द्यायला जायचं, नाही आला तर बसायला.