शुक्रवारची बोट

५ जानेवारी, सोमवार. सकाळ.
ठरलं. क्रूझला जायचं.
वडाळे तळ्याच्या दोन फेऱ्या झाल्यावर मी जाहीर केलं. तिघी जागच्या जागी थांबल्या. रमा म्हणजे माझी शेजारीण, भिंतीला भिंत. स्नेहल खालच्या मजल्यावरची, निवृत्त शिक्षिका. हौसाताई सगळ्यात वरच्या मजल्यावर. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. हौसाताई म्हणाल्या, आमी मिठागरातली मानसं, समुद्र काय बगायचा? पण येते, घरात तरी काय हाय. स्नेहल म्हणाली, बोटीवर नाच असतो म्हणे. रमा म्हणाली, तू जाशील तिथे मी.
रमाचं हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवते आहे.
माझे मिस्टर, बेंजामिन, जन्मभर गोदीच्या ऑफिसात होते. बोटींच्या कागदांवर शिक्के मारले, बोटीत पाय ठेवला नाही. निवृत्त झालो की जाऊ, म्हणायचे. निवृत्त झाले आणि त्याच पावसाळ्यात गेले. दोन वर्षं झाली. मी फार उगाळत नाही. तळ्यावर थोडंसं सांगितलं तेवढंच. तिसरी फेरी त्यातच झाली.

७ जानेवारी, बुधवार
ग्रुप केला. नाव ‘समुद्रसहल (अधिकृत)’. ॲडमिन मी. फालतू गुड मॉर्निंग नकोत, म्हणून फक्त ॲडमिनने लिहायचं असं सेटिंग ठेवलं. दिवसभर एकही तक्रार नाही. शिस्त लावली की माणसं आनंदात असतात.
पहिल्या मजल्यावरची रंजिता विचारत होती, मलाही घ्या ना. गोड शब्दांत नाही सांगितलं. फार बोलते ती. केबिन दोघींची असते. चौघी म्हणजे दोन केबिन. एका केबिनमध्ये मी आणि रमा, दुसरीत त्या दोघी. हिशेब सुटसुटीत.

११ जानेवारी, रविवार
बोट लागू नये म्हणून सराव सुरू केला. माझी स्वतःची कल्पना. बागेत झोपाळ्यावर डोळे मिटून बसायचं, बाकीच्यांनी झोके द्यायचे. स्नेहलपासून सुरुवात. पाचव्या झोक्याला ती नको म्हणाली, मी म्हटलं समुद्राला नको म्हणून चालत नाही. मग तिला उलटी झाली. सराव किती गरजेचा होता ते यावरून सिद्ध झालं. तिला तसं समजावलं. ती तोंड धुता धुता मान हलवत होती. पटलं असणार.
हौसाताई झोपाळ्यावर बसायला तयार नाहीत. तो मोडंल, मंग सोसायटीला काय सांगू, म्हणाल्या. पोरंसोरं हसली. हौसाताई सगळ्यात जास्त हसल्या. मीही हसणार होते, पण बेंजामिन आमच्या मुलाला, इलानला, लहानपणी याच झोपाळ्यावर बसवायचे ते आठवलं आणि सांगितलं. सगळ्या शांत झाल्या. ऐकून घेतात बिचाऱ्या.

१६ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळ.
केतनच्या ऑफिसात गेलो. ट्रॅव्हल एजंट, स्टेशनच्या बाजूला बसतो. मला फ्लोरा आंटी म्हणतो. दोन बोटी आहेत म्हणाला. एक शुक्रवारी संध्याकाळी सुटते, गोवा करून सोमवारी परत. दुसरी सोमवारी सुटते, समुद्रात फिरते आणि बुधवारी परत. कुठल्याही बंदराला लागत नाही.
तिघी एका आवाजात म्हणाल्या, शुक्रवारची.
शुक्रवारी संध्याकाळी आम्हा ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो. मी काही फार कडक नाही. टीव्ही बघते, फोन घेते. पण शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत तेलाचा दिवा लावायचा तो लावायचाच. सासूबाईंच्या काळापासून एक शुक्रवार चुकलेला नाही. केतनला विचारलं, केबिनमध्ये दिवा लावता येईल का. तो म्हणाला, आंटी, बोटीवर काडीसुद्धा ओढू देत नाहीत. मी म्हटलं, छोटा ग्लास आहे, काचेचा, खाली ताटली ठेवीन. तो म्हणाला, आंटी, आख्खी बोट रिकामी करतील.
तेव्हा सोमवार ठरला. एकमताने. म्हणजे मी म्हटलं सोमवार, आणि कोणी काहीच बोललं नाही.
रमाला तेव्हाच सांगून टाकलं, केबिनमध्ये कोळंबी आणायची नाही, मला चालत नाही. ती म्हणाली, मग मी दारात उभी राहून खाऊ का? विनोदी आहे रमा.
आता दिवा लावायची वेळ झाली. पुरे.

२० जानेवारी, मंगळवार
वाचनालयातून बुडालेल्या बोटींवरचं जाडजूड पुस्तक आणलं. माझी शाळा आठवीत सुटली, पण त्यानंतर जे वाचलं ते कुणी सांगितलं म्हणून नाही, स्वतःला हवं म्हणून. अर्थ नाही कळला तर तिथे पेन्सिलीने बारीक टिंब करते आणि पुढे जाते. आता टिंबं कमी होत चाललीत.
रोज फिरताना एक प्रकरण तिघींना सांगते. माहिती असलेली बरी. आज थंड पाण्यात माणूस किती वेळ तग धरतो ते सांगितलं. इतक्या गुंग झाल्या की कुणाच्या तोंडून शब्द नाही. हौसाताईंनी मध्येच हात जोडले, ते देवाला असणार.

२३ जानेवारी, शुक्रवार
रमाचा गुडघा दुखतो. उद्यापासून उशिरा फिरायला जाणार म्हणाली. स्नेहललाही सकाळची थंडी सोसत नाही. हौसाताईंचा नातू हृतिक याची परीक्षा आहे. आजीचा परीक्षेशी संबंध काय ते विचारलं नाही. माणसाला मोकळीक द्यावी.
मी एकटी तीन फेऱ्या मारल्या. वेळेवर.

२८ जानेवारी, बुधवार
ग्रुपवर सगळ्यांना लिहायची परवानगी दिली. ‘मैत्रिणींनो, मनमोकळं बोला’ असं लिहिलं. सकाळी लिहिलं. आता संध्याकाळ. तिघींनी वाचलंय, निळ्या खुणा दिसतात. विचार करून लिहिणार असतील.

२ फेब्रुवारी, सोमवार
वाईट बातमी. सोमवारची बोट रद्द. रमाने सांगितलं. केतन म्हणाला म्हणे, सध्या बंद आहे, पावसाळ्यानंतर बघू. मी केतनला फोन लावला. तो म्हणाला, हो आंटी, म्हणजे तसंच काहीसं, रमा आंटी म्हणतात तसंच. आवाज घोगरा होता. सर्दी झाली असेल, काळजी घे म्हटलं.
मी खचलेले नाही. उलट तयारीला वेळ मिळाला. पुस्तकाचा दुसरा भागही आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
स्नेहल येऊन किल्ली देऊन गेली. वीस तारखेला लेकीकडे पुण्याला निघते आहे, कुंड्यांना पाणी घालशील ना. घालीन म्हटलं. जाताना विचारत होती, त्या सरावाच्या वेळी तू उलटीच्या गोळ्या म्हणत होतीस त्या कुठल्या. पुण्याच्या घाटात लागतं तिला. माझ्याकडची पट्टीच दिली.

१४ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ, शब्बाथ सुटल्यावर.
हौसाताईंची किल्ली आली. एकवीरेला जाणार आहेत. वीस तारखेलाच. मी म्हटलं कार्ला इथेच तर आहे, संध्याकाळी परत याल. तर म्हणाल्या, तीन दिस ऱ्हानार. मग जिन्यावरून परत आल्या आणि विचारलं, डेकवर रातचा वारा लय असतो का गं? सहज विचारते, म्हणाल्या. मी सविस्तर सांगितलं. शाल न्यायला हवी, कान बांधायला हवेत. ज्ञानाची भूक कुठल्याही वयात लागते, हे मी स्वतःवरून जाणते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
रमाही चालली. नाशिकला, नणंदेकडे. तीही वीसला. मुहूर्त चांगला असावा.
तिची बॅग फाटकी आहे. मी क्रूझसाठी घेतलेली निळी, चाकांची बॅग तिला दिली. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, कपाटात पडून काय करायचंय. बॅग घेताना तिने माझ्याकडे बघितलंच नाही. संकोची आहे पहिल्यापासून.
संध्याकाळी इलानचा फोन. इस्रायलमधून, अश्दोदहून. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मम्मी, तिघी एकाच दिवशी जातायत आणि तुला काही वाटत नाही? मी म्हटलं, बाळा, परदेशात राहून तुझा माणसांवरचा विश्वास उडालाय. पाठीमागून केरेन, माझी सून, काहीतरी बोलली. मग तो म्हणाला, मम्मी, तू इकडे ये. मी म्हटलं, माझ्याकडे तीन घरांच्या किल्ल्या आहेत, मी कशी येऊ?

१९ फेब्रुवारी, गुरुवार
आज मोठा निर्णय घेतला. मनाशी भांडून घेतला.
पावसाळ्यानंतर शुक्रवारच्या बोटीनेच जायचं. बाजारातून सेलवर चालणारा दिवा आणलाय. खऱ्यासारखी ज्योत हलते. सिनेगॉगमध्ये एका जुन्या जाणत्यांना विचारलं. ते म्हणाले, तसं पाहिलं तर चालत नाही, पण फ्लोराबाई, देव हिशेबनीस नाही. बेंजामिन असते तर तेही हेच म्हणाले असते. बहुतेक.
लगेच रमाकडे गेले. ती बॅग भरत होती. तिला दिवा लावून दाखवला. म्हटलं, तुम्हाला गोवा बघायचाय ना, मग शुक्रवार तर शुक्रवार. कोळंबीचंसुद्धा बघू. रमा खाली बसली. माझा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी. काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. रंजिताचा होता. तिने तो कट केला आणि म्हणाली, आल्यावर बोलू आपण.
माझ्या मनाच्या मोठेपणाने तिला भरून आलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी.
एकच गाडी आली होती, मोठी. रमा, स्नेहल आणि हौसाताई तिघी तिच्यातच बसल्या. पनवेलपर्यंत एकत्र जाऊ, पुढे आपापल्या वाटेने, म्हणाल्या. आम्ही पनवेलमध्येच राहतो, पण घाईत माणूस काहीही बोलतो. पहिल्या मजल्यावरची रंजिताही खाली आली होती, निरोप द्यायला. तिच्याही हातात बॅग होती.
मी गॅलरीतून हात केला. फक्त हौसाताईंनी वर बघितलं.
कुंड्यांना पाणी घातलं. तिन्ही घरी.

२२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.
‘समुद्रसहल (अधिकृत)’वर पहिला मेसेज आला. हौसाताईंचा. फोटो.
मागे समुद्र. पांढरा कठडा. चौघी. हौसाताईंनी कान बांधलेत. स्नेहल उभी आहे, म्हणजे गोळ्या लागू पडल्या. रमा आणि रंजिता एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून. रमाचं तोंड इतकं उघडं आहे की मागची चांदी भरलेली दाढ दिसते. ती अशी हसते हे मी विसरले होते.
बघता बघता फोटो गेला. ‘हा मेसेज डिलीट केला आहे.’
आधी वाटलं, एकवीरेला समुद्र आहे का? नकाशा काढून बघितला. नाही.
नंतर वाटलं, अचानक ठरलं असेल. अगदी शेवटच्या क्षणी. मला फोन लागला नसेल. पण फोन तर माझ्या हातातच होता. आत्तासुद्धा आहे.
चौघी. दोन केबिन. हिशेब सुटसुटीत.
शुक्रवार मुद्दाम निवडला. फ्लोरा शुक्रवारी येणार नाही, हे माहीत असलेली माणसं होती ती. आणि रमाला तर गुरुवारीच कळलं होतं की मी येईन.

२३ फेब्रुवारी, सोमवार
ठरवलं. यापुढे कुणाशी बोलायचं नाही. किल्ल्या दारातूनच द्यायच्या. ग्रुप बंद करायचा. एकटीने फिरायचं, वाचायचं. मला कुणाची गरज नाही.
कुंड्यांना मात्र पाणी घातलं. झाडांनी काय केलंय?
स्नेहल किल्लीला आली. विचारलं नसताना म्हणाली, पुण्यात थंडी होती गं. तिचं नाक उन्हाने सोललेलं होतं. मी किल्ली दिली. हौसाताई आल्या त्या दारातच रडायला लागल्या. म्हणाल्या, फ्लोराबाय, खोटा बोलनार नाय, आमाला तीन दिस नुसता हसायचा होता. तू आलीस का तुजा बेंजामिन पन येतो. मानूस सोन्यासारखा होता, पन मेल्यावर बोटीवं कशाला?
मी दार लावलं. जोरात नाही.
रमा आली नाही. किल्ली माझ्याकडेच आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
रमा आली. निळी बॅग घेऊन. पुसून, स्वच्छ करून आणली होती. दोघी उभ्याच होतो. ती म्हणाली, तुझ्यासमोर हसले की मला चोरी केल्यासारखं वाटतं. माझा नवरा जिवंत आहे, तुझा नाही, त्यात माझी काय चूक, फ्लोरा? दोन वर्षं मी ऐकते आहे, अजून दहा वर्षं ऐकेन. पण तीन दिवस सुट्टी हवी होती.
मी म्हटलं, गुरुवारी का नाही बोललीस? मी दिवा घेऊन आले होते.
ती म्हणाली, म्हणूनच तर तोंड उघडवलं नाही.
मी विचारलं, बेंजामिनचं नाही बोलायचं तर मी काय बोलू? तिला उत्तर आलं नाही. रात्रीपर्यंत मीही शोधलं. मलाही आलं नाही.
किल्ली दिली. आता संबंध संपला.

५ मार्च, गुरुवार
नऊ दिवस रमाशी एक शब्द नाही. भिंतीपलीकडून तिचा मिक्सर ऐकू येतो. सकाळी नुसत्या फेऱ्या मारते. बोटींच्या पुस्तकाचा दुसरा भाग न वाचता परत केला.
दुपारी केतनला फोन केला. सोमवारची बोट कधी बंद होती का, विचारलं. तो आधी माझी तब्येत विचारू लागला. मग म्हणाला, नाही आंटी. मी म्हटलं, मग पुढच्या सोमवारचं बघ. कुठेही न लागणारी असली तरी चालेल.
त्याने विचारलं, किती जण?
मी म्हटलं, दोघं.
लगेच चूक लक्षात आली. पण तो विचारत होता, दुसरं नाव सांगा आंटी, नाव लागतं. बेंजामिनचं नाव देऊन चालणार नाही एवढं मला कळतं.
रमाचं दिलं.
तिला अजून विचारलेलं नाही. कसं विचारणार? मी तिच्याशी बोलत नाही.