टाकीच्या कडेला चपला

बुधवार, १४ मार्च २००७. पेरुंगुडी.

सेप्टिक टँक उपसायला लॉरी आली. पाइपाने पाणी ओढलं, पण तळाचा गाळ निघेना. तेव्हा लॉरीवरच्या माणसाने टाकीच्या कडेला चपला काढल्या, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा जोडून ठेवल्या आणि आत उतरायला लागला. मी तमिळमध्ये ओरडलेच, "वेंडाम! नको! आत कुणी उतरायचं नाही."

हे म्हणाले, "अगं, नेहमी उतरतात. रविवारी घरात मुंज आहे."

नेहमी? मग मी कुठे होते? स्वयंपाकघरात, त्यांच्यासाठी चहा करत. चपला तेव्हाही तिथेच असणार.

पाणी सोडून गाळ ढवळायला लावला. उरलेला उद्या पाइपानेच ओढतील. नाहीच निघाला तर मुंज हॉलमध्ये करू. त्या कडेला पुन्हा कुणी चपला काढायच्या नाहीत.