घाट चढलेली होडी

प्रिय अस्लम,

सनोबर तुला हे पत्र वाचून दाखवील म्हणून अक्षर मोठं काढलंय. सनोबर बाळा, माझी शाळा चौथीपर्यंतची. कुठे अडलीस तर तुझ्या अंदाजाने पुढे जा, पण घाईने वाचू नकोस. अर्धांगाच्या झटक्याने तुझ्या आजोबांची वाचा गेली तरी त्यांना ऐकू सगळं येतं, समजतंही, असं तुझी आई सकिना मला म्हणाली होती. फोनवर मी बोलत राहतो आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो. मग मी काहीतरीच बडबडतो, हवापाणी, मासळीचा भाव, आणि फोन ठेवल्यावर दिवसभर तेच डोक्यात फिरतं. त्यापेक्षा हे बरं. पत्राला उत्तर लगेच द्यावं लागत नाही.

गाडीचं सांगतो. तुला तेच ऐकायचं असणार. कोल्हापूरला सकिनाकडे न्यायला ॲम्ब्युलन्समध्ये घालताना तू डाव्या हाताने माझा सदरा धरलास आणि मांडवाखालच्या गाडीकडे बघितलंस, तेव्हा मी गडबडीत बोलून गेलो, "गाडी घाट चढान गेली काय तिच्यातनाच तुका विजयदुर्गाक परत हाडतंय." बोलताना काही वाटलं नाही. तू गेल्यापासून मात्र ते वाक्य मला झोपू देत नाही. तू असतास तर इंजिनाचं तू बघितलं असतंस आणि लाकडाचं मी. आता दोन्ही माझ्याच गळ्यात.

ओरसला आरटीओत जाऊन गाडी पास करून आणली. तिथल्या साहेबांनी भोवती दोन फेऱ्या मारल्या, फळ्यांवर टिचक्या मारून बघितल्या आणि विचारलं, ही बॉडी कोणी बांधली. मी म्हटलं, मी होड्या बांधतो. ते हसले. तुझ्या वडिलांची गाडी, गोल दिव्यांची, खाऱ्या हवेने पत्रा सगळा खाऊन टाकलेला, फक्त सांगाडा उरलेला. त्याच्यावर मी फणसाच्या फळ्या चढवल्या आणि तू मोडीतल्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलंस, हे त्यांना कुठे सांगत बसू. आपली कितीतरी वर्षं त्या मांडवाखाली गेली. माझी बायको मथुरा म्हणायची, दोघा म्हाताऱ्यांक खेळणा गावला.

गाडी किशोरी चालवते. माझी लेक, तुला ठाऊकच आहे, सनोबरसाठी लिहितो. आंब्याच्या दिवसांत हापूसच्या पेट्या भरलेली पिकअप ती एकटी कोल्हापूरला नेते, तेव्हा घाटाचं भय तिला नाही. भय मला. मी शेजारी बसतो आणि वळण आलं की पाय आपोआप खाली दाबला जातो. ती म्हणते, "बाबा, तुमी पाय कित्याक दाबतास? ब्रेक माज्याकडे आसा." पहिल्या दिवशी गाडी डावीकडे ओढत होती. चाकातली हवा बघितली, मग स्टिअरिंगचा दांडा बघितला, तो थोडा आखूड बसला होता. ते सुधारलं. दारं करकरायची, त्यांना मेण लावलं. मागचा एक दिवा खड्ड्यात गेलो की विझायचा आणि पुढच्या खड्ड्यात लागायचा. तेही सुधारलं. ही सगळी दुखणी मला चालली. दुखणं कुठे आहे ते दिसलं की मी निम्मा निर्धास्त होतो.

पण ती तापू लागली. देवगडपर्यंत गेलो तर काही नाही. नांदगावपर्यंत काही नाही. फोंड्याचा बाजार मागे टाकून घाटाला लागलो की तापमानाचा काटा सरकायला लागायचा, आणि अर्ध्यावर पोचेपर्यंत लाल खुणेला टेकायचा. मी ओरडायचो, किशोरी बाजूला घ्यायची, आणि आम्ही झाडाखाली बसून ती निवायची वाट बघायचो. वरून येणारे ट्रकवाले वेग कमी करून बघून जात. खाली फोंड्याला चहाच्या टपरीवर थांबलो तर तो चहावाला म्हणाला, "म्हातारबुवानु, ह्या तारवाक चाकां कोणी लावल्यान?" सगळे हसले, किशोरीही हसली. मला हसू आलं नाही. मला वाटत होतं, तू आत बसलेला आहेस आणि गाडी अशीच मधल्या वळणावर उभी राहिली आहे, ऊन वर आलं आहे, आणि तुला तहान लागली हेसुद्धा तू सांगू शकत नाहीस.

मग मी एकेक करत बसलो. रेडिएटर उतरवून उकळत्या पाण्याने धुतला. पंख्याचा पट्टा बदलला. पाण्याचा पंप काढून कणकवलीच्या मेकॅनिकला दाखवला, तो म्हणाला पंप ठीक आहे. थर्मोस्टॅट काढून टाकला. दरवेळी घाट गाठायचा आणि दरवेळी काटा लाल. मथुरा म्हणाली, "गाडी तापता काय तुमीच तापतास?" जेवताना माझं ताटावर लक्ष नव्हतं. तुझी फार आठवण यायची. तू नुसता आवाज ऐकून सांगायचास. मी इंजिनाजवळ कान नेतो तर मला नुसतं इंजिनच ऐकू येतं.

अशात गाडीखाली काळे थेंब दिसू लागले. मी हादरलो. म्हटलं, ऑइल गळतंय, आता इंजिनच गेलं. सकाळी परत बघितलं, थेंब घट्ट होऊन खड्यासारखे झालेले. ऑइल असं गोठत नाही. एक उचलून चोळला, वास घेतला. ती राळ होती. माझी राळ, फळ्यांच्या सांध्यांत कापसाबरोबर भरलेली. मी गाडीखाली सरपटत गेलो. होडीच्या तळाला मी हजारदा हात लावला असेल, तो नेहमी गार. हा भाकरीच्या तव्यासारखा. इंजिनाच्या खाली मी फळ्या कशा ठोकल्या होत्या तुला आठवतं? रस्त्यावरचं पाणी उडून वर येऊ नये म्हणून. सांधा न् सांधा बुजवून, थेंब आत शिरणार नाही अशा. तू वाकून बघितलंस आणि म्हणालास, "बाबल्या, पाणी येवची भानगडच मिटवलंस." तुला तरी कसं खटकणार? तुझी सगळी इंजिनं जन्मभर होड्यांच्या बंद तळातच बसली, आणि समुद्राचं पाणी ओढून गार राहिली. इथे समुद्र कुठे? पुढून आलेल्या वाऱ्याला मागे निघायला वाट नव्हती. गरम हवा आतच कोंडून इंजिन भाजत होतं. आपण दोघांनी मिळून शेवटी होडीच बांधली.

उपाय साधा होता, खालच्या फळ्या काढायच्या. पण करवत हातात घेतली आणि मला ते होईना. उभ्या आयुष्यात मी कुठल्याही तळाला भोक पाडलेलं नाही. भोक दिसलं की बुजवायचं एवढंच मला येतं. मी बाहेर येऊन बसलो. किशोरी म्हणाली, मी कापतंय. मी म्हटलं, नको, तू वेडीवाकडी कापशील. मग डोळे बारीक करून मीच कापलं. फळी खाली पडली. आता आतून खालची माती दिसते. अजून बघवत नाही मला, पण आहे ते आहे.

मधे एक गोष्ट राहिली. तुला हसू येईल. मी देवळात कौल लावला. सनोबर, आमच्यात देवाच्या पाषाणावर भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतात, उजवीकडे आणि डावीकडे, आणि गाऱ्हाणं घालून वाट बघतात. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नको. तुझे आजोबा मला यावरून जन्मभर चिडवत आले. म्हणायचे, "तू डिझेलचो फिल्टर बदलूक पण देवाक इचारतलंस काय रे?" आणि स्वतः मात्र नवं इंजिन पहिल्यांदा पाण्यात चालू करायच्या दिवशी मला हळूच विचारायचे, "काय म्हणालो तुझो देव?" तर मी गाऱ्हाणं घातलं, अस्लमला घरी आणू का. बराच वेळ बसलो. पाकळ्या पडेनात. उजवीही नाही, डावीही नाही. गुरव म्हणाला, "आज देव गप आसा, परत कधी ये." मी उठलो. पायऱ्या उतरताना मनात आलं, आता हाही गप्प.

गेल्या बुधवारी परत घाटाला गेलो. मी काट्यावरची नजर काढली नाही. फोंडा गेला, चढ लागला, झाडी दाट झाली. काटा मधोमध. ज्या झाडाखाली आम्ही दरवेळी बसायचो ते मागे गेलं. बोललो तर दृष्ट लागेल असं वाटत होतं. आणि अस्लम, ती चढली. दाजीपूरच्या अंगाला वर सपाटीवर येऊन उभी राहिली आणि काटा मधोमध. मी उतरून बॉनेटवर हात ठेवला. उन्हात ठेवलेल्या भांड्याइतकंच गरम. मला तिथे रस्त्याच्या कडेला खाली बसावं लागलं. किशोरीला वाटलं मला काही झालं.

ती म्हणाली, "बाबा, आता सरळ कोल्हापूराक जावया काय? सांजेपर्यंत अस्लमकाकांच्या दारात पोचतलंव." डिझेल होतं. रस्ता मोकळा होता. मी म्हटलं, नको, वळव. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उतारावर ब्रेक कसे लागतात ते बघायला हवं, चढणं म्हणजे सगळं नव्हे. ते खोटं नव्हतं, खाली येताना ब्रेकला जळका वास आलाच आणि त्याच्यावर आता काम काढलंय. पण वळवायचं कारण ते नव्हतं.

कारण तुला सांगतो, आणि सकिना जवळ असेल तर तिनेही ऐकावं, मला लपवून काही करायचं नाही. तिचा मला आधी फोन आला होता. म्हणाली, "काका, बाबांना तो प्रवास झेपायचा नाही. तुम्ही त्यांना आशा लावू नका. गाडी घेऊन येऊ नका." रडत होती. मी तिच्यावर रागावलेला नाही. ती तुला चमच्याने भरवते, कूस बदलून देते, रात्रीची उठते. मी इथे बसून फळ्या कापतो. डॉक्टर काय म्हणाले ते तिला माहीत, मला नाही. तिचं बरोबर असेल. पण तिने तिचं सांगितलं, डॉक्टरांनी त्यांचं सांगितलं, किशोरी म्हणते आणा, मथुरा म्हणते नको बाई, वाटेत काही झालं तर. आम्ही सगळे बोललो. तुला कोणीच विचारलं नाही. तू बोलू शकत नाहीस म्हणून तुला विचारायचंच नाही, असं आम्ही कधी ठरवलं तेही कळलं नाही. मीसुद्धा देवाला विचारलं, तुला नाही.

गाडीत डाव्या बाजूची जागा मी तुझ्यासाठी रुंद केली आहे. उजव्या अंगाला टेकायला उशी बसवली आहे, तुझं ते अंग तोल धरत नाही म्हणून. पाय ठेवायला उतरती फळी आहे. खिडकी खाली केली की विजयदुर्गाच्या अलीकडून खाडीचा वारा सरळ तोंडावर येईल. तुला यायचं नसेल, तिथे बरं वाटत असेल, भीती वाटत असेल, तर मी वाईट वाटून घेणार नाही. जागा तशीच राहील. सकिना नको म्हणाली तर तिच्या पाया पडायचं, डॉक्टरांना भेटायचं, हळू जायचं, दोन ठिकाणी मुक्काम करायचा, ते माझ्याकडे. पण ते सगळं नंतरचं. आधी तू.

सनोबर, पत्र लिहिलं ते यासाठी. आता एक काम कर. आजोबांच्या जवळ बस आणि त्यांना विचार, बाबली विचारतोय, घरी यायचंय का? आणि त्यांच्या हाताकडे बघ. उजवा तर त्यांचा हलत नाही. डावा हलला तर मला कळव. देवळात डावा कौल म्हणजे नको, पण त्यांचा डावा मी उजवा धरीन. वेळ लागेल, लगेच पान उलटू नकोस. पुढे मी काही लिहिलेलं नाही.

तुझाच,
बाबली