डायलआउट ग्रुपात साळवे मॅडम

सोम., २ मार्च
गावात मोबाईलला रेंज न्हाई. नेट म्हणजे छपरावरच्या उंच अँटेनाला जोडलेला शाळेतला मोडेम, अन् तो फक्त माझ्या लॉगिनवर चालतो. शाळेच्या कॉम्प्युटरवर लिनक्स, त्याचा मुख्य पासवर्डबी माझ्याकडंच. आज साळवे मॅडम आल्या. "सर, माझ्या लॉगिनलाही परवानगी द्या ना. बदलीचा फॉर्म भरायचाय, शुक्रवारी शेवट."
बघू म्हटलं. बघतो कसलं! मागल्या महिन्यात हिनं पोरांसमोर फळ्यावरचं माझं गणित पुसलं, नीट करून दाखवलं. पोरं फिदीफिदी हसली.

मंगळ., ३
परत आल्या. मॅडमची पोरगी तीन वर्षांची, नागापूरला सासूकडं. "रविवारी गेले तर आजीच्या पदरामागं लपली हो, सर." "बरं, तुमच्या लॉगिनवरून भरू का?" मी म्हटलं, नियमात बसत न्हाई. डोळे भरले. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

बुध., ४
हेडसरांनी (हे.स.) झापलं. "एका ओळीचं काम, टाका की करून!" टाकलं. त्यांच्यादेखत मोडेम वापरायची परवानगी असलेल्यांच्या यादीत, डायलआउट ग्रुपात, मॅडमचं नाव घातलं. मॅडमनी हात जोडले.
लॉगआउट करून परत आत शिरल्याबिगर ते लागू व्हत न्हाई, हे बोललो न्हाई. आमच्याकडं लॉगआउट कुणीच करत न्हाई. मागं एकदा मशीन बंद केलं ते आठवडाभर उठलं न्हाई, तवापासून हे.स.चा हुकूम, नुसती स्क्रीन लॉक करायची.

गुरु., ५
"सर, लागत नाहीये." म्हटलं, रेंज नसंल. मधल्या सुट्टीत जेवण सोडून अँटेनाची वायर हलवत हुत्या. मी डबा खाल्ला. मेथी हुती.

शनि., ७
काल मॅडम अर्धी रजा टाकून फॉर्म भरायला जीपनं अकोल्याला गेल्या. घाटात टायर फुटला. पोचल्या तवा मुदत संपलेली. हे.स. हळहळले. मीबी मान हलवली.

सोम., ९
काल लाईट गेल्ती, मशीन बंद पडून आपोआप चालू झालं. सकाळी मॅडमना नव्यानं लॉगिन करावं लागलं, अन् मोडेम पहिल्या फटक्यात लागला. स्क्रीनवरून नजर काढून माझ्याकडं वळल्या. मग हळूच,
"एवढंच करायचं होतं? सर, तुम्हांला माहीत होतं?"
बेल झाली. खडू उचलून वर्गावर गेलो.
आता रिकाम्या सातवीच्या वर्गात बसून लिहितोय. पुढचा फॉर्म वर्षानं. शाळा सुटली, हे.स. गेले. मॅडम अजून स्टाफरूममधी हायेत, दाराकडं तोंड करून. माझी पिशवी आतच हाय.