मामांची बशी

चाकूर, सोमवार, संध्याकाळ

काल मी अंगण झाडत होते. ह्यांनी माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, चहा दिला, "दादा, बैल विकावा का? तुम्हीच सांगा," एवढंच विचारलं आणि बशी रिकामी होईपर्यंत गप्प बसले. मामा आपणहून हो म्हणाले.

आज हे शेतावर गेले. मामांना चहा देऊन लेकीला लातूरच्या शाळेत घालायचं मीच काढलं. नवा जिल्हा झालाय, नोकऱ्या निघतील, सगळं सांगितलं. बशी अजून मामांच्या तोंडाला होती.

"जिल्हा नवा झाला म्हनून हिरीला पानी आलं का? घागरी कोन आनंल?"

"मी आणीन," म्हणाले, वर चार मुद्दे सुनावले. मामा चहा टाकून उठले. एवढं वाचूनही मला बोलायचं कसं ते कळत नाही का?

मंगळवार. मी मामांना चहा दिला. "पोरीचं काय करावं? तुम्हीच सांगा," म्हणाले आणि बशी रिकामी होईपर्यंत गप्प बसले.